खुलासा : ‘मित्र चालवत होता’ म्हटल्याने विमा मिळत नाही

कळंगुट-म्हापसा भागातल्या गटांत एक संदेश फिरतोय : खासगी गाडी पर्यटकाला भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला ‘मित्र चालवत होता’ असं सांगा, पैसे मिळतात. हे चुकीचं आहे.

आपली पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. खासगी गाडीच्या विम्यातून भाड्याचा वापर वगळलेला असतो. गोव्यात पर्यटकाला स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी, पिवळे आकडे आणि वेगळा परवाना लागतो तो उगाच नव्हे. कंपनी चालकाचा परवाना बघते, जबाब घेते. पर्यटकाने यूपीआयने भरलेलं भाडं तर नोंदलेलंच असतं. खोटं उघड झालं की दावा फेटाळला जातो, फसवणुकीची तक्रारही होऊ शकते.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या भागाची. रस्त्यावरचं कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर अपघात भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं आणि ती गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. ही रक्कम लाखांत जाते.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.