अर्ध्या गाडीचा भाव

महिंद्रा एफसी-१५० पिकअप विकायला काढली आहे. फोटो टाकल्यापासून दोनच प्रकारचे मेसेज येतायत. एक, ‘लास्ट किती?’ आणि दुसरा, ‘काका, व्हिंटेज माल आहे, मातीमोल कशाला देताय?’ हे त्या दुसऱ्या मेसेजवाल्यांसाठी.

गाडी अर्धी म्हणून किंमत अर्धी, हा हिशोब मला पटत नाही. जे आहे त्याला भंगाराचा भाव असतो, जे नाही त्याला सोन्याचा. माझ्याकडे चासी, दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि जाम झालेलं इंजिन आहे. कार्ब्युरेटर, डायनामो, डावा दरवाजा, पुढची काच आणि हौद्याचा मागचा फाळका नाही. इंजिनाची चिंता नको. जीपचंच २.२ लिटरचं हरिकेन आहे, सामान शोधलं की मिळतं, उरलेलं कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला टर्नर करून देईल. खरी रड पत्र्याची आहे. जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीनं अमेरिकेत १९५६च्या अखेरीस हे मॉडेल आणलं तेव्हा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ठेवला अवघा ८१ इंच, तरी हौदा सहा फुटांचा. त्यासाठी ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसवला आणि इंजिन दोन सीटच्या मधे झाकणाखाली. त्यामुळे केबिन हिची हिलाच. जीपचा दरवाजा हिला बसत नाही. सरळ हातानं ठोकून घ्यावा लागतो, आणि असं काम करणारे डेंटर आता कमीच.

ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार जातो. त्याचाही फोटो टाकलाय. ‘थोडंसं डेंटिंग-पेंटिंग बाकी’ असं लिहून सडका पत्रा लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, दडपणाऱ्यांची मला चीड आहे.

आता कागद. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण ती खासगी वापराची हवी, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे कुठलंतरी डिझेल इंजिन कोंबायचा विचार असेल तर व्हिंटेज नंबर विसरा. हिची नोंद मालवाहू म्हणून आहे, तेव्हा पैसे देण्याआधी आरटीओत विचारून या. आरसी मूळ आहे, चासी नंबर घासून वाचता येतो, या आणि ताडून बघा.

सुटे भाग विकणार नाही. हेडलाइट मागणाऱ्यांनी माफ करावं. क्रेन आणि ट्रकचं भाडं घेणाऱ्याकडे. चाकं फिरतात, ब्रेक नाहीत.