कर्दळ लावली म्हणून नाल्याचं पाणी पिण्याजोगं होत नाही

सोसायट्यांच्या आणि गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : नाल्यात कर्दळ आणि जलपर्णी लावा, झाडं सगळी घाण शोषून घेतात, पाणी पिण्याइतकं शुद्ध होतं, वीज नको, देखभाल नको, एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची) गरजच संपली. खडीच्या वाफ्यात झाडं लावून सांडपाणी शुद्ध करायची मूळ पद्धत मला मनापासून पटते म्हणूनच लिहितोय, कारण असल्या मेसेजवर विसंबून केलेला प्रयोग फसला की लोक पद्धतीलाच नावं ठेवतात.

झाडं घाण शोषतात हे अर्धवट आहे. मुख्य काम वाफ्यातल्या खडीवरचे जिवाणू करतात. सांडपाणी खडीच्या थरातून, वर न दिसता, हळूहळू सरकतं आणि खडीला धरलेला बुळबुळीत थर त्यातली सेंद्रिय घाण खातो, कर्दळीची किंवा पाणकणसाची (पाणथळ जागी वाढणाऱ्या उंच गवताची) मुळं थोडा ऑक्सिजन खाली नेतात, जिवाणूंना आधार देतात, नायट्रोजन-फॉस्फरस थोडाफार उचलतात. वाहत्या नाल्याच्या काठाला रोपं खोचली तर पाणी बाजूनेच निघून जातं, मग होणार काय?

जलपर्णीचं तर नावच नको. ती पोषकद्रव्यं भराभर घेते खरी, पण वेळेत उपसली नाही तर तिथेच सडते आणि घेतलेलं परत पाण्यात सोडते, वर डास. पिंपरी-चिंचवडमध्ये पवना नदीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पिण्याचं म्हणाल तर साफ चूक आणि धोक्याचं. जंतू कमी होतात, संपत नाहीत. दिल्लीत पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत पाणकणसाच्या वाफ्यांवर रोज 22 लाख लिटर सांडपाणी शुद्ध होतं आणि ते जातं शेतीला. जागा किती, तर 1.42 हेक्टर, म्हणजे साडेतीन एकर! दाटीवाटीच्या शहरात एवढी जमीन कुठून आणणार, तिथे एसटीपी लागतोच.

विजेचं मात्र बऱ्यापैकी खरं आहे, उतार मिळाला तर पंपाशिवाय भागतं. पण देखभाल नको हे अजिबात नाही. आधी सेप्टिक टँक किंवा गाळ बसवायची टाकी हवीच, ती वेळच्या वेळी उपसली नाही तर गाळ खडीत शिरतो, खडी तुंबते आणि पाणी वर येऊन वास मारायला लागतो, मग सगळी खडी काढून धुवावी लागते.

ग्रामपंचायतीत कोणी असा प्रस्ताव आणला तर जरूर करा, फक्त टाकी कोण उपसणार आणि झाडं कोण छाटणार हे ठरावातच लिहून घ्या.