मिसळ खाल्ली, पण जेवलास का?

वादाची ठिणगी तात्यांनी टाकली. रविवारची दुपार, अशोकस्तंभाजवळ एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर आमचा कट्टा जमलेला. पिंट्या आला तसं तात्यांनी सवयीने विचारलं, "जेवलास का रे?"

"मिसळ खाल्ली की सकाळी. चार पाव, वर पापड, दही, जिलबी."

"ते खाल्लंस. मी जेवलास का विचारलं."

पिंट्याला हा फरक मान्यच नव्हता. पोट भरलं की जेवण झालं, बाकी सगळं जुन्या माणसांचं खूळ, असं त्याचं म्हणणं. तात्या म्हणाले, नाशकात कोणी 'मी मिसळ जेवलो' म्हणताना ऐकलंस का? कितीही पाव रिचवले तरी मिसळ खातातच. यावर पिंट्याकडे उत्तर नव्हतं, पण तो हटणाऱ्यातला नाही.

मग मास्तर मध्ये पडले. आयुष्यभर शाळेत मराठी-संस्कृत शिकवलेला माणूस. ते म्हणाले, "एकादशीला भगर, दाण्याची आमटी आणि वर साबुदाण्याची खिचडी खाऊन तट्ट झालेला माणूस काय सांगतो? 'आज मी जेवणार नाही, उपवास आहे.' पोट भरण्याचा आणि जेवण्याचा संबंध असता तर हे वाक्य खोटं ठरलं असतं. ते खोटं नाही. तो फराळ करतो, जेवत नाही."

"पण मास्तर, भगर धान्यच आहे की! भातासारखीच शिजते."

"वनस्पतिशास्त्र विचारू नकोस, रिवाज विचार. पोळी, भाकरी, भात यांच्याभोवती जे मांडलं जातं ते जेवण. ताट मांडलं जातं, माणूस बसतो, कुणीतरी वाढतं. त्या सगळ्या घटनेला आपण एक क्रियापद दिलंय."

मला मास्तरांचं म्हणणं पटतं, आणि ते किती दूरवर लागू होतं ते त्याच दुपारी दिसलं. पिंट्या इंजिनिअरिंगला आहे आणि मालिका बघून बघून कोरियन शिकलाय. तो स्वतःच म्हणाला, कोरियन आई पोराला फोनवर विचारते ते शब्दशः 'भात खाल्लास का?' असंच असतं, आणि पोराने नूडल्स खाल्ल्या असल्या तरी हो म्हटलेलं चालतं. चिनी भाषेतही जेवणे म्हणजे 'छ्र फान', भात खाणे. थाई माणूस 'किन खाव' म्हणतो, तेही भात खाणेच. आमचा अण्णा गाडी चालवतो, शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्यांमध्ये बंगाली यात्रेकरू त्याच्या नेहमीचे. तो म्हणाला, बंगाली लोकही 'भात खाल्ला का' असंच विचारतात. म्हणजे या सगळ्यांनी जेवणातलं धान्य कर्मात ठेवलं आणि आपण ते क्रियापदात मुरवलं. गुजरातीत 'जमवुं' आहे, राजस्थानीत 'जीमणो' आहे, ती आपल्या 'जेवणे'ची सख्खी भावंडं.

ताई जर्मनचे क्लास घेतात. हल्ली नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयची पोरं, सगळ्यांनाच जर्मनी दिसतेय. त्यांनी सांगितलं, "माझ्या क्लासमध्ये हा प्रश्न येतोच. 'जेवणे'ला जर्मनमध्ये काय? मी सांगते, असा एक शब्द नाही. दुपारचं खाणं, रात्रीचं खाणं असं वेळ लावून सांगा. उलट त्यांच्याकडे जे दोन शब्द आहेत ते आपल्याकडे तसे नाहीत. माणूस खातो ते 'एसेन', जनावर खातं ते 'फ्रेसेन'. माणसाबद्दल फ्रेसेन म्हटलं की अपमान."

"आपल्याकडे गुरं चरतात," तात्या म्हणाले.

"चरतात, पण कुत्रं चरत नाही ना तात्या. कुत्रं खातं. फ्रेसेन सगळ्या जनावरांना चालतं." अपमानासाठी आपल्याकडे गिळणे आहे, हे मात्र सगळ्यांनी एकमुखाने कबूल केलं. अमेरिकेतल्या नवाहो लोकांची भाषा तर याच्या पुढे जाते, तिथे मांस खाण्याचं क्रियापद वेगळं आणि पालेभाजी खाण्याचं वेगळं. एखादा शब्दकोश 'खाणे'समोर एकच शब्द लिहून मोकळा होतो तेव्हा हे सगळं त्याच्या हातून सुटतं.

अण्णा तेवढ्यात म्हणाला, "आणि गंगेवर?" नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडावर दशक्रियेला पिंड ठेवतात आणि सगळे वर बघत थांबतात. कावळा येतो, भाताला चोच लावतो. 'कावळ्याने खाल्लं' असं तिथे कोणाच्याही तोंडून येत नाही, 'कावळा शिवला' असंच म्हणतात. देवालाही आपण नैवेद्य दाखवतो. समोर खाणं चाललेलं असतं तरी कुठे ते क्रियापद वापरायचं नाही, हेसुद्धा भाषाच ठरवते.

यानंतर चर्चा खरी पेटली, कारण तात्यांनी त्यांचा आवडता मुद्दा काढला. "जगात लोक अन्न खातात, आपल्याकडे पैसे खातात. कुठल्या भाषेत आहे हे? आपली कीड आपल्या भाषेत उतरली."

मामा बरीच वर्षं टांझानियात, दारेसलामला एका कारखान्यात होते. ते शांतपणे म्हणाले, "तात्या, तिथल्या स्वाहिली भाषेत 'कुला' म्हणजे खाणे आणि 'कुला रुश्वा' म्हणजे लाच खाणे."

रुश्वा ऐकून मास्तर उठूनच बसले. ही आपली रिश्वत, मूळ अरबी. तुर्कीत तीच 'रुश्वेत', आणि तुर्कही 'रुश्वेत येमेक' म्हणतात, येमेक म्हणजे खाणे. अरबी शब्द पूर्व आफ्रिकेपासून इस्तंबूलपर्यंत गेला आणि तिथल्या लोकांनी आपापल्या भाषेतलं खाणं त्याला जोडलं. आणि आपण? रोज पेपरात 'लाचखोर' वाचतो. त्यातला 'खोर' फारसी 'खोर्दन'मधून आला, त्याचा अर्थही खाणेच. लाचखोर, नफेखोर, हरामखोर आणि आपण घडवलेला भांडखोर, हे सगळे मुळात खाणारे.

"खोर्दन आणि खाणे एकच की मग," पिंट्या म्हणाला.

"नाही. आपलं खाणे 'खाद्' धातूपासून आलंय, खोर्दनचं मूळ वेगळं. कानाला सारखं वाटतं म्हणून नातं जोडायचं नाही."

तात्या सहजी मागे हटणारे नव्हते. अरब, तुर्क, फारसी, मराठी यांचा शेकडो वर्षं व्यापार आणि राज्यकारभार एकत्र चाललेला, एकाचा वाक्प्रचार दुसऱ्याने उचलला असेल, यात नवल काय? हा मुद्दा मला रास्त वाटला. या साखळीतले दुवे एकमेकांना साक्षीदार म्हणून पुरत नाहीत. पण पिंट्याने लगेच सांगितलं की कोरियनमध्येही लाच खातात. चिनी माणूस कमिशन खातो. आणि मी माझ्या वाचनातलं सांगितलं, जे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. जुन्या सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, प्रांताच्या सुभेदाराला पगार नसे. प्रांताचा वसूल गोळा करायचा, राजाचा वाटा पाठवायचा आणि उरलेल्यावर जगायचं. या पद्धतीचं नाव 'किन मुआंग', म्हणजे शहर खाणे. हे उघड, मान्य असलेलं नाव होतं, शिवी नव्हती. राजा चुलालोंगकोर्नच्या काळात, १८९०च्या दशकात पगारी अधिकारी नेमले गेले तेव्हा ती पद्धत मोडत गेली.

मास्तर म्हणाले, आपल्याकडेही जुनी माणसं 'वतन खातो' म्हणत आणि त्यात लाज नव्हती. अधिकारातून पोट भरणं हा आधी रीतसर व्यवहार होता. पगार आला आणि तेच खाणं गुन्हा झालं. क्रियापद मात्र जुनंच राहिलं. तात्या गप्प झाले. पटल्यामुळेच झाले, असं मला वाटतं.

आता अडचण अण्णाने काढली आणि ती खरी अडचण आहे. "पैसे खातो तो मजेत असतो. पण मार खातो तोही खातोच. शिव्या खातो, ठेचा खातो, गटांगळ्या खातो. एकाला मिळतं, दुसऱ्याला सोसावं लागतं. दोघांना एकच शब्द कसा?"

हेही फक्त आपलं नाही. तुर्कीत मार खाण्याला 'दायाक येमेक' म्हणतात. फारसीत माणूस पडला की 'जमीन खातो', सर्दी झाली की 'थंडी खातो', हरला की 'पराभव खातो'. आपण 'जरा दम खा', 'गम खा' म्हणतो त्यातले दम आणि गम दोन्ही तिकडचेच. चिनी भाषेत कष्ट सोसणे म्हणजे कडू खाणे, आणि प्रेमातला मत्सर म्हणजे 'व्हिनेगर खाणे'. कोरियनमध्ये शिव्या खातात, भीती खातात, फुटबॉलमध्ये गोल झाला की तोही खातात. वयसुद्धा खातात. नव्या वर्षी तांदळाच्या चकत्यांचं सूप प्यायलं की एक वर्ष पोटात गेलं अशी त्यांची समजूत. मामा म्हणाले, स्वाहिलीत म्हाताऱ्या माणसाबद्दल 'याने खूप मीठ खाल्लंय' म्हणतात. आपण त्याच माणसाबद्दल पावसाळे मोजतो.

अण्णाच्या प्रश्नाचं उत्तर मला व्याकरणात दिसतं. दुसऱ्याकडून काम करवून घेतलं तर आपण म्हणतो, 'गड्याकडून खणून घेतलं', 'सुताराकडून कपाट करवलं'. तिथे 'कडून' येतं, कारण गडी साधन आहे, खड्डा पडतो तो जमिनीला. पण बाळाला भात भरवला, वासराला पाणी पाजलं, मुलाला धडा शिकवला, इथे 'ला'. 'बाळाकडून भात भरवला' असं म्हणून बघा, जीभ अडते. कारण बाळ खातं तेव्हा ते नुसतं करत नाही, त्याच्यातच काहीतरी जातं आणि ते भरतं. खाणे, पिणे, शिकणे या क्रियांमध्ये करणारा आणि ज्याच्यावर परिणाम होतो तो, एकच असतो. भाषेच्या अभ्यासकांनी भारतातल्या अनेक भाषांमध्ये या क्रियापदांचा हा वेगळा गट नोंदवलेला आहे.

हे एकदा धरलं की लाच आणि मार यांतलं अंतर मिटतं. दोन्ही माणसाच्या आत जातात, तिथेच राहतात. त्याला ते हवं होतं की नको होतं, हे क्रियापद सांगत नाही, कर्म सांगतं. म्हणून मी म्हणतो, परकी भाषा शिकताना क्रियापदाचा अर्थ पाठ करू नका, ते कायकाय खातं ते बघा.

मास्तरांना तैत्तिरीय उपनिषदातलं वाक्य आठवलं आणि त्यांनी ते खणखणीत म्हटलं: "अद्यतेऽत्ति च भूतानि तस्मादन्नं तदुच्यते." जे खाल्लं जातं आणि जे प्राण्यांना खातं, म्हणून त्याला अन्न म्हणतात. 'अद्' म्हणजे खाणे. मराठीत तो धातू क्रियापद म्हणून उरला नाही, फक्त 'अन्न' या शब्दात राहिला. पण जर्मन एसेन, इंग्रजी ईट, लॅटिन एदेरे हे त्याच घराण्यातले. ताईंना हे माहीत होतं, पण 'अन्न' आणि 'एसेन' एका घरचे म्हटल्यावर पिंट्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तरी शेवटची हरकत त्याचीच. "इंग्रजीचं काय? तिकडे लाच खात नाहीत आणि मारही खात नाहीत. तुमचा नियम तिथेच मोडला."

मी म्हटलं, इंग्रजीत लाचेला काय क्रियापद लावतात?

"टेक."

"आणि मार बसला तर?"

तो थांबला. "टेक अ बीटिंग." म्हणजे खाणं नाही, घेणं आहे, पण लाभ आणि सोसणं तिथेही एकाच क्रियापदाच्या पदरात.

ताई इतका वेळ बोटांवर काहीतरी मोजत होत्या. म्हणाल्या, "जर्मनमध्ये 'आइनश्टेकेन' आहे. खिशात घालणे. पैसे दाबले तरी आइनश्टेकेन, मार बसला तरी आइनश्टेकेन, मॅच हरली तरी आइनश्टेकेन. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे तिन्ही एका ओळीत कधी लिहिले नव्हते."

"मारसुद्धा खिशात?" तात्यांनी विचारलं.

"मारसुद्धा," ताई म्हणाल्या, आणि पिंट्याकडून पेन मागून घेतलं.