सुई लगेच मिळते, शिकवणारा मिळत नाही

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबू द्या.

पहाटे ग्राउंडवर नेहमीसारखी पोलीस भरतीची पोरं पळत होती. त्यातलाच एक, एकोणीस वर्षांचा, बाप केळीच्या गाड्या भरतो. माझ्याजवळ आला अन् खाली बघत हळूच म्हणाला, "दादा, भरतीना आगोदर ते इंजेक्शन लिधं ते चाली का?"

कोण देतं विचारलं, तर गप्प. टाकीमागे जाऊन पाहिलं. गुटख्याच्या पुड्यांत दोन वापरलेल्या सिरिंज.

मला माझे सर आठवले. मी नववीत. सर संध्याकाळी काळ्या मातीच्या पट्टीवर पाणी मारायचे, आणि सकाळी वाफसा आला की मला त्यावरून पळवायचे. मग उकिडवं बसून तुरीच्या काडीनं एकेक पाऊल दाखवायचे. प्रत्येक ठशात माझी टाच खोल रुतलेली. म्हणाले, "भो, तू पयत नही, बिरेक मारी राहिना." मला वाटायचं, ढांग जितकी लांब तितका वेग जास्त. पाऊल पुढे लांब पडलं की शरीर त्याच्यावर अडतं, हे त्या मातीनं शिकवलं. पाऊल कंबरेखाली पडायला हवं, चवड्यावर, आणि जमीन मागे ढकलायला हवी.

दिल्लीची गोष्ट आठवते ना? सप्टेंबर २०२३, राज्य स्पर्धा. नाडाची, म्हणजे खेळाडूंची डोपिंग तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेची माणसं आली म्हटल्यावर शंभर मीटरच्या फायनलला एकटा पोरगा पळाला, बाकीचे गायब. जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या संडासात सिरिंज सापडल्या. आपण दोन दिवस हसलो आणि विसरलो. आता त्याच सुया आपल्या टाकीमागे आल्यात!

हे विकणारे कोण आहेत? भरतीत शंभर मीटरला १५ मार्क असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या पंधरा मार्कांवर घर टांगलेल्या पोरांना गाठतात. बाटलीत काय आहे, किती घ्यायचं, कुणी सांगत नाही. स्टेरॉइड असेल तर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, लिव्हर आणि हृदय धोक्यात जातं. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन, त्याच्याजवळ निदान स्वतःचा डॉक्टर होता. १९८८, सोल ऑलिम्पिक, शंभर मीटर ९.७९ सेकंदांत, अख्खं जग उभं राहिलं, आणि तीन दिवसांत स्टॅनोझोलॉल नावाच्या स्टेरॉइडपायी सोनं गेलं. या पोरांजवळ कोण आहे? टाकी.

औषधानं काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. होतं, म्हणून तर घेतात. जास्त सराव झेपतो, स्नायू लवकर सावरतात. बरं. पण टाच तर तिथंच पडते ना? नुसती ताकद वाढली आणि पाऊल तसंच पुढे पडत राहिलं, तर मांडीचा मागचा स्नायू कधीतरी फाटणारच.

बोल्टनं बर्लिनला २००९ मध्ये शंभर मीटर ९.५८ सेकंदांत मारले, ४१ पावलांत. उंच होता म्हणा हवं तर, मान्य. पण पूर्ण वेगात असताना एकेक पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ टेकतं. सगळा जोर तेवढ्यातच लावायचा. तो कुठल्या बाटलीत मिळतो, दाखवा मला.

मला तीन महिने लागले होते. एका सकाळी सर पट्टीवर वाकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. टाच कुठेच नव्हती. फक्त चवड्याचे खड्डे, आणि प्रत्येकामागे उडालेल्या मातीचा छोटासा ढीग. सरांनी ती काडी मोडून फेकून दिली.

सकाळी त्या पोरावर ओरडलो, त्याचं आता वाईट वाटतंय. त्याच्या पायात चुलतभावाचे बूट आहेत, अर्धा इंच मोठे. कुठे पाऊल टाकायचं, हे त्याला आजवर एकानंही सांगितलेलं नाही. अकॅडमीवाल्यानं फी घेतली आणि रोज फेऱ्या मारायला लावल्या, बस. सुई एका फोनवर येते. शिकवणारा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधावा लागतो. मग त्या पोरानं कुणाला विचारावं?

विचारलं तरी त्यानं. न विचारता टोचून घेतलं असतं तर?

दुपारी त्याला फोन केला. आधी उचललाच नाही, मग स्वतःच लावला. उद्या साडेपाचला ये म्हटलंय, अनवाणी. बांधाजवळची पट्टी आत्ताच ओली करून आलोय.