१८२ दिवसांची अट आता नाही

लेखात म्हटलंय की परदेशातल्या भारतीयांना आधार काढायला १८२ दिवस इथं राहावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी ही अट २०१९ मध्येच काढली. कृपया दुरुस्त करा. अशाच माहितीमुळे माझी बहीण मस्कतहून दोनदा येऊन अर्ज न करताच परतली, फार वाईट वाटलं होतं. यंदा गणपतीत आली तेव्हा पासपोर्ट घेऊन केंद्रावर गेलो. बोटांचे ठसे, बुबुळांचं स्कॅन, फोटो, झालं काम. फॉर्मवर 'अनिवासी भारतीय' हाच पर्याय निवडा, ईमेल द्यावाच लागतो. मुलांचं आधार काढायचं असेल तर त्यांचेही भारतीय पासपोर्ट न विसरता आणा. दूतावासात ही नोंदणी होत नाही. ओसीआय कार्डवाल्यांना (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) मात्र १८२ दिवसांचा नियम आहेच.