चालू इंजिनावरून प्लगची वायर ओढू नका

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यात आमच्या बोटवाल्यांमध्ये एक निरोप फिरू लागतो: ‘बोटीचं इंजिन मिस मारतंय? चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर काढून बघा. वायर बाहेरून धड दिसली की चांगली. मीटरवर शून्य यायलाच हवं. नवी मिळाली नाही तर गाडीची लावा.’ मिस मारणं म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच न पेटल्याने इंजिन अडखळणं, आणि प्लग म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग. मी पंप आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि हे वाचून मला धास्ती वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा माणसं बोटींनी काढावी लागली. त्या पाण्यात मगरी आहेत. इंजिन बंद पडलं तर खाली उतरून बोट ढकलायची सोय नाही.

चालू इंजिनावर वायर काढायची सूचना सगळ्यात घातक. त्या वायरीत वीस-वीस हजार व्होल्ट आणि त्याहूनही जास्त असतात. वायर सुटली की कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी एवढं व्होल्टेज तयार करणारी गुंडाळी, पूर्ण जोर लावते आणि वाट शोधते, कधी स्वतःच्याच इन्सुलेशनमधून, कधी तुमच्या हातातून. सीडीआय इंजिनात (ज्यात एक इलेक्ट्रॉनिक बॉक्स वीज साठवून ती झटक्यात कॉइलला देतो) कॉइल किंवा तो बॉक्स जळाला तर वायरीच्या कितीतरी पट खर्च. शिवाय झाकणाखाली पेट्रोलची वाफ असते, तिला एक ठिणगी पुरते. इंजिन बंद करा, वायरीला स्पार्क टेस्टर (ठरावीक फटीतून ठिणगी उडते का ते दाखवणारं साधन) लावा, त्याचा चिमटा ब्लॉकला घट्ट बसवा आणि मग दोरी ओढा. टेस्टरची फट मॅन्युअलमध्ये दिलेली असते, बऱ्याच सीडीआय इंजिनांना ११ मिलिमीटरच्या आसपास. नुसता प्लग बाहेर काढून बघितलेल्या ठिणगीवर विसंबू नका. मोकळ्या हवेत ती सहज उडते, सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच असं नाही.

‘बाहेरून धड’ म्हणजे काय, हे मला एका इंजिनाने शिकवलं. पाण्याच्या पिंपात ते छान चालायचं, तळ्यात पूर्ण थ्रॉटल दिला की अडखळायचं. वायर नव्यासारखी दिसत होती. प्लगवरची रबरी टोपी उलटी केली, तर आत केसाएवढी काळी रेघ होती आणि टर्मिनलवर हिरवी पूड. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मग वीज प्लगची फट सोडून त्या रेघेवरून पळते. असा दोष पकडायचा तर इंजिन पाण्यात ठेवून चालू करा, अंधार होऊ द्या, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि हात लांब ठेवून बघा. निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या की वायर बदला. चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, साधी टेप सुमारे सहाशे व्होल्टपुरतीच असते.

आता मीटर, म्हणजे वायरीचा विजेला होणारा रोध ओहममध्ये मोजणारं यंत्र. आत तांब्याची तार असेल तर रीडिंग जवळजवळ शून्य येतं. पण बऱ्याच इंजिनांच्या टोपीतच सुमारे पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो. तिथे शून्याची वाट बघाल तर चांगली वायर फेकून द्याल. मोजताना वायर हलवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर ती आतून तुटली आहे.

आणि मिस मारण्याचं कारण दर वेळी वायरच असतं असंही नाही. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा दाबल्यावर इंजिन सावरलं, तर आधी फिल्टर आणि पंप बघा.

गाडीची वायर तर नकोच. तिच्या कार्बनच्या गाभ्यात सीडीआयची क्षणभराची ठिणगी कमजोर पडते. उलट कंप्युटरवाल्या इंजिनाला नुसत्या तांब्याची वायर लावली तर सेन्सर गोंधळतात. काही मॉडेलांत वायर कॉइललाच जोडलेली येते, म्हणजे अख्खी कॉइलच मागवावी लागते. ती मे महिन्यातच आणून ठेवा, पूर आला की दुकानं बंद असतात.