घोडीला वैरण कोणी घातली?

"म्हातारी बरोबर होती. विषय संपला," असं जाहीर करतच दिग्या तलावपाळीच्या कट्ट्यावर टेकला.

दिग्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याने मालिका पाहिली होती, तीही इंग्रजी, केनेथ ब्रानावाली, जेवता जेवता आणि दीडपट वेगाने. पण 'फेसलेस किलर्स'वर बोलायचा पहिला हक्क आपलाच, अशी त्याची खात्री होती. हेनिंग मांकेल या स्वीडिश लेखकाचं हे पुस्तक आमच्यात फिरवलं मंजूने. गोष्ट अशी की स्वीडनमधल्या एका खेड्यात लव्हग्रेन नावाच्या म्हाताऱ्या शेतकरी नवराबायकोचा खून होतो आणि जवळच्या ईस्टाड गावचा पोलीस अधिकारी वालँडर तपास करतो. अव्याने दोन रात्रींत संपवलं, मी रडतखडत. पक्या अजून साठाव्या पानावर होता.

"शेवट सांगू नका रे," पक्या म्हणाला.

"सांगण्यासारखं काय आहे त्यात? मरता मरता बाई म्हणाली 'परके', आणि परकेच निघाले. दोघं. चेकोस्लोव्हाकियाचे."

पक्याने पुस्तक मिटलं, पिशवीत टाकलं आणि पिशवी दिग्याच्या डोक्यात घातली.

मंजू आत्ताच कोर्टातून आली होती, म्हणजे अजून उलटतपासणीच्याच मूडमध्ये होती. "बरोबर होती ना म्हातारी. खोटं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "मृत्यूपूर्व जबानी आहे ती. आमच्या जुन्या पुरावा कायद्यात कलम 32 होतं त्यासाठी. पण ती जबानी पोलिसांना दिली होती, टीव्हीला नाही. आणि तिने नाव सांगितलं नव्हतं, विशेषण सांगितलं होतं. विशेषणाला बेड्या घालता येत नाहीत, दिगंबर."

मंजूने पूर्ण नाव घेतलं की दिग्याला सावध व्हायला हवं. तो कधीच होत नाही.

"पण तपासाला दिशा मिळाली की नाही?"

"कुणाला मिळाली? पोलिसांना की रॉकेलचा डबा घेऊन निघालेल्यांना? शब्द पोलिसांतूनच फुटला. मग निर्वासितांच्या छावणीला आग लागली. मग एक सोमाली माणूस रस्त्याने चालला होता, त्याला गोळी घालून मारला. त्याचा लव्हग्रेनच्या शेतघराशी काय संबंध? आणि मारणारे कोण होते, ते सांग. बघितलंस ना सगळं? दीडपट बघितलंस."

दिग्याने चहाचा ग्लास उचलला आणि तो रिकामा असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"माजी पोलीस होता त्यांत एक," अव्याने हळूच सांगितलं.

"स्वीडिश. गोरा. घरचा," मंजू म्हणाली. "पुस्तकात खुनी दोन जातींचे आहेत, एक बाहेरचे आणि एक घरचे. तुला एकच जात दिसली, आणि तुझा विषय संपला."

पक्या कळवळला. "अरे, हे पण सांगितलंत!"

इथे अव्याचं मत वेगळं होतं, आणि ते मला पूर्ण खोडता आलं नाही. तो म्हणाला, मांकेलला एवढंच सांगायचं होतं की परक्यांवर आळ घेऊ नका, तर मग त्याने खुनी परके का केले? गावातला कुणी शेजारी दाखवला असता तर सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले असते. मांकेलने ते सोपं उत्तर नाकारलं. त्यात वालँडरच्या स्वतःच्याही पोटात तेच विष आहे. खुनी छावणीतलेच निघाले तर बरं, म्हणजे सरकारचं ढिलं धोरण तरी सुधारेल, असं त्यालाही वाटून जातं. आणि त्याच्या लेकीचा मित्र आहे केनियाचा, डॉक्टरकी शिकणारा. बापाला त्याच्याशी काय बोलावं ते कळत नाही.

"म्हणजे लेखकच गोंधळलेला होता," दिग्या म्हणाला.

"गोंधळलेला नाही रे, तिथला होता," मंजू म्हणाली. "आफ्रिकेत राहून परत आला आणि बघतो तो गावंच्या गावं बदललेली. ईस्टाडच्या लगत शेबो नावाची नगरपालिका आहे. तिथे 1988 साली सार्वमत घेतलं होतं, निर्वासित घ्यायचे की नाही. दोनतृतीयांशांच्या आसपास लोक नाही म्हणाले. गोष्ट घडते जानेवारी 1990 मध्ये, पुस्तक आलं 1991 ला. त्याला काही कल्पना लढवायला लागली असेल असं मला वाटत नाही. अगदी वालँडर हे आडनावसुद्धा टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं त्याने."

मला सार्वमताचं माहीत नव्हतं. मला वाटायचं, स्वीडन म्हणजे बर्फ, व्होल्वो आणि शांतता.

"शांतता कसली!" अव्या म्हणाला. "पंतप्रधान मारला गेला त्यांचा. ओलोफ पाल्मे, फेब्रुवारी 1986. बायकोबरोबर सिनेमा बघून रात्री चालत घरी निघाला होता, अंगरक्षक नाही, काही नाही. 2020 साली फाईल बंद केली, संशयिताचं नाव जाहीर करून. तो 2000 सालीच वारलेला."

"चौतीस वर्षं! आणि लोक आपल्या कोर्टाला नावं ठेवतात," मंजूला भलताच आनंद झाला.

मग थोडा वेळ चर्चा कोर्टाच्या तारखांवर गेली. तिथून पक्याच्या वडिलांच्या पागडीच्या केसवर, तिथून पक्याने तारकर्लीच्या सहलीत अव्याकडून घेतलेल्या आणि अजून न फेडलेल्या पैशांवर. पक्याचं म्हणणं, ते उसने नव्हतेच, वर्गणी होती. अव्या बँकेत आहे. त्याने व्याजासकट आकडा सांगितला. पक्याने त्याला सावकार म्हटलं आणि आणखी एक शब्द म्हटला, तो इथे लिहीत नाही.

पुस्तकाकडे परत आणलं ते मीच. म्हटलं, मला खुनापेक्षा त्या म्हाताऱ्याचं जास्त नवल वाटलं. लुन्नार्पसारखं टीचभर खेडं, शेजारी जन्मभराचे, रात्री घोडी खिंकाळली नाही एवढ्यावरून जागे होणारे. आणि याच लव्हग्रेनने युद्धात जर्मनांना मांस विकून पैसा केलेला, तो लपवलेला, दुसऱ्या गावात एक बाई, तिच्यापासून मुलगा. बायकोलाही पत्ता नाही. एवढं झाकून राहतं?

"तिकडे राहतं. कुणी न विचारता आत येत नाही," अव्या म्हणाला. "आपल्याकडे दुसरं बिऱ्हाड करून दाखव. पेपरवाल्याला आधी कळेल, तुला नंतर."

"आणि तपास कशाने लागतो बघा," हे अव्या छाती काढून म्हणाला. "बँकेतल्या बाईमुळे! म्हाताऱ्याने पैसे काढले त्या दिवशी रांगेत कोण कोण उभं होतं, ते तिला महिन्यांनी आठवतं. वालँडर ऑपेरा ऐकतो, पिझ्झा खातो, दारू पिऊन गाडी चालवतो आणि स्वतःच्याच हवालदारांच्या हाती सापडतो. केस सोडवते कारकून."

"तुझ्या शाखेत मी काउंटरसमोर उभा होतो तर तू मला ओळखलं नाहीस," पक्या म्हणाला.

"ओळखलं होतं. म्हणूनच बाहेर आलो नाही."

दिग्या इतका वेळ गप्प होता, म्हणजे नवीन काहीतरी जुळवत होता. "ते ठीक आहे. पण मला एक सांगा, सावध राहण्यात चूक काय? कोण कुठला, काही माहिती नसते. विचारायला नको?"

मंजू याचीच वाट बघत होती. "नळ सांगू?"

"नळाचा इथे काय संबंध?"

मंजूने सांगितलंच. दिग्याच्या सोसायटीत गच्चीवरचा पितळी नळ गायब झाला. दिग्याने रात्री अकराला ग्रुपवर टाकलं, 'बाहेरच्या माणसांचा वावर वाढला आहे, सभासदांनी काय ते समजून घ्यावे.' सभासदांनी समजून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पार्सलवाल्या पोरांना लिफ्ट बंद. एक पोरगा पाण्याचे जार घेऊन सहा मजले चढत होता. वॉचमनची पिशवी तपासली. चार दिवसांनी प्लंबर नळ घेऊन आला. वॉशर बदलायला नेला होता. त्याला बोलावलं होतं वहिनींनी.

"मी ग्रुपवर खुलासा केला होता," दिग्या म्हणाला.

"केलास ना. 'नळ मिळाला आहे. धन्यवाद.' बाहेरची माणसं तशीच राहिली. लिफ्टवरचा कागद अजून आहे, मी परवा वाचला."

यावर दिग्याकडे उत्तर नव्हतं, तरी त्याने दिलं. म्हणाला, ईस्टाड केवढंसं, वीसेक हजार वस्ती, घोडबंदर रोडच्या चार संकुलांत मावेल. तिथे पुस्तकागणिक एवढे मुडदे पडतात, म्हणजे लेखक फेकतो. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. त्या गावात म्हणे अजूनही चर्चच्या मनोऱ्यावर रात्री पहारेकरी असतो आणि दर पंधरा मिनिटांनी शिंग फुंकतो, सगळं आलबेल आहे असं कळवायला. एवढ्या खुनांनंतर त्या पहारेकऱ्याची खातेनिहाय चौकशी लावायला हवी, असा ठराव अव्याने मांडला.

"बाकी सोडा," पक्या म्हणाला. त्याने आता आशा सोडली होती. "खुनानंतर घोडीला वैरण कोणी घातली? खुनी माणूस दोन म्हाताऱ्यांना असं मारतो आणि जाताना घोडीपुढे गवत टाकतो? माझा जीव तिथेच अडकलाय."

कुणी बोललं नाही. मलाही ते अजून पटलेलं नाही.

"घोडी स्वीडिश होती," दिग्या म्हणाला. "तिचा संशय आला नसणार."

हा दिग्याचा त्या संध्याकाळचा एकमेव चांगला विनोद. दाद मिळाली म्हटल्यावर तो पुन्हा चढला आणि पुन्हा मूळ पदावर आला. म्हातारी बरोबर होती, शेवटी परकेच निघाले, वगैरे.

"दिग्या, तू वालँडरचा बाप आहेस," मंजू म्हणाली.

दिग्याला आधी बरं वाटलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे?"

"तो चित्रकार आहे. आयुष्यभर एकच चित्र काढतो. तेच रान, तोच मावळता सूर्य. फरक एवढाच की काही चित्रांत रानकोंबड्यासारखा एक पक्षी असतो आणि काहींत नसतो."

अव्या कट्ट्यावरून घसरायचा राहिला. पक्याला ठसका लागला, त्याच्या पाठीत दिग्यानेच चार धपके घातले, गरजेपेक्षा जरा जोरातच. चहावाल्याने ग्लास गोळा करता करता पैसे कोण देणार विचारलं, तेव्हा पक्याने अव्याकडे आणि अव्याने पक्याकडे बोट दाखवलं.

दिग्या अजून विचारात होता. शेवटी त्याने मंजूला अगदी गंभीरपणे विचारलं, "पक्षीवालं महाग जातं का गं?"